कॉन्फिडन्स यायची वाट बघत बसू नका, फोन लावायला घ्या

तुमचा प्रश्न वाचला. चार महिने झालेत, दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायचंय, लिस्टमध्ये नावं भरपूर आहेत पण सकाळी फोन हातात घेतला की पोटात गोळा येतो. मग लिस्टच नीट करत बसता, अकरा वाजतात, आणि एकदाचा फोन लागला की घाईघाईत सगळं बोलून टाकता, समोरचा 'गरज नाही' म्हणाला की 'ओके सर थँक्यू' म्हणून ठेवून देता. आणि विचारलंय की कॉन्फिडन्स आणायचा कुठून. मी २२ वर्षं सेल्समध्ये आहे, त्यातली शेवटची ९ नवीन मुलामुलींना तयार करण्यात गेली, आणि हा प्रश्न मला जवळपास प्रत्येकाने विचारलाय, कोणी सरळ, कोणी आडून आडून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही असं धरून चाललाय की आधी कॉन्फिडन्स येणार आणि मग फोन नीट व्हायला लागणार. होतं नेमकं उलटं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' असा भरवसा माणसाला चार गोष्टींतून मिळतो, स्वतः करून बघितल्यावर, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना बघितल्यावर, कोणी धीर दिल्यावर, आणि त्या वेळी आपलं शरीर काय सांगतंय त्यावरून. यात सगळ्यात पक्का तो स्वतः करून मिळालेला. नुसता धीर देऊन आलेला भरवसा पहिल्या धक्क्याला जातो. सकाळी मोटिव्हेशनचा व्हिडिओ बघून जो जोर येतो तो दुसऱ्या फोनपर्यंत पण का टिकत नाही, त्याचं कारण हेच आहे, तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

माझी सुरुवात फोटोकॉपी मशीनच्या मेंटेनन्सची कॉन्ट्रॅक्टं विकण्यापासून झाली. ऑफिसांच्या बिल्डिंगखाली मी पंधरा पंधरा मिनिटं उभी राहायचे, बॅगेतली पत्रकं पुन्हा पुन्हा लावायचे, वर जायचा जिना समोर दिसत असायचा पण पाय उचलायचा नाही. दीड महिन्यात माझ्या नावावर एकच कॉन्ट्रॅक्ट होतं. मग आमच्या एका सिनियर मॅडम मला एक सकाळ सोबत घेऊन गेल्या. त्यांच्याबद्दल ऑफिसात बोललं जायचं की यांना कोणी नाही म्हणूच शकत नाही. त्या सकाळी आम्ही ७ ऑफिसं केली, ५ जणांनी त्यांना तोंडावर नाही सांगितलं, एकाने तर बसा पण म्हटलं नाही. मी थक्क झाले. आणि खरं सांगते, त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की चांगल्या सेल्सवाल्याला नकार मिळतच नाही आणि मला मिळतो म्हणजे मी या कामाची नाही.

पण खरी शिकायची गोष्ट पुढे होती. प्रत्येक ऑफिसातून बाहेर आल्या की त्या जिन्यातच उभ्या राहून वहीत एक ओळ लिहायच्या. मशीन कोणतं, मशीनचं कोण बघतं, सध्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं. त्या ५ नकारांपैकी ३ ठिकाणची कॉन्ट्रॅक्ट संपायची तारीख त्यांनी काढून आणली होती, तीही दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात. पुढे त्यातलं एक ऑफिस आमच्याकडे आलं. मी तोपर्यंत आत जाताना एकच विचार घेऊन जायचे की मी कशी दिसतेय, कशी बोलतेय, अडखळले तर काय. त्या आत जाताना हे शोधायला जायच्या की मशीन बंद पडलं की इथे कोणाचं काम अडतं. लक्षच दुसरीकडे होतं, त्यामुळे घाबरायला जागा उरत नव्हती.

मला या सगळ्यात सांगायचंय ते इतकंच आहे. तुमची भीती ही आवाजाची किंवा पर्सनॅलिटीची अडचण नाहीये, तुमचं सगळं लक्ष स्वतःवर आहे, आणि ते तिथे आहे कारण समोरच्याच्या कामाबद्दल तुम्हाला पुरेसं माहीतच नाही. सॉफ्टवेअरची सगळी बटणं तुम्हाला पाठ असतील. पण दुकानदाराचा दिवस कसा जातो हे माहीत आहे का? गल्ल्यावर गर्दी कधी असते, महिनाअखेरीला स्टॉक जुळवायला किती रात्री जातात, माल परत आला की त्याची नोंद कोण ठेवतं, उधारी कोणाकडे किती आहे हे मालकाच्या डोक्यात असतं की वहीत, आणि मालक दोन दिवस बाहेरगावी गेला तर दुकान कोणाच्या भरवशावर चालतं. हे माहीत असलेला माणूस फोनवर वेगळाच बोलतो. आवाज तोच, पण बोलणं ठाम होतं.

हे कळण्यासाठी फार लांब जायची गरज नाही. तुमच्या कंपनीचे जे चालू कस्टमर आहेत त्यांना फोन करा, विकायला नाही, विचारायला. घेण्याआधी काय त्रास होता, घ्यायचं नक्की कोणत्या दिवशी ठरवलं आणि त्या दिवशी असं काय झालं होतं, आता काय सोपं झालंय, आणि काय अजूनही नीट नाहीये. शेवटचा प्रश्न टाळू नका, तो फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या मालातली खोट जो आधीच जाणतो त्याला गिऱ्हाइकाने ती दाखवली तरी तो गडबडत नाही. ही उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सोल्यूशन' असं दुकानदार कधीच म्हणत नाही, तो म्हणतो 'माल किती उरलाय ते कळत नाही'. तुम्ही त्याच्या शब्दात बोललात की त्याला पण वाटतं या माणसाला आपलं दुखणं कळतंय. शक्य असेल तर ओळखीच्या एखाद्या दुकानात अर्धा दिवस नुसते बसून बघा, त्या अर्ध्या दिवसाने जेवढं कळेल तेवढं कुठल्या ट्रेनिंगमधून कळणार नाही.

आता फोनची सुरुवात. नवीन माणूस बहुतेक वेळा असं सुरू करतो, 'सर डिस्टर्ब केलं का, सॉरी, दोन मिनिटं मिळतील का, मी अमुक कंपनीतून बोलतोय, आमची कंपनी अशी अशी आहे, आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे त्यात हे फीचर आहे ते फीचर आहे...' यात पहिली चूक माफी मागण्याची आहे. तुम्ही स्वतःच सांगून टाकलंत की मी त्रास द्यायला फोन केलाय, मग समोरचा तसाच वागणार. दुसरी चूक म्हणजे विकायला आलोय हे लपवायचं, सर्व्हे करतोय, माहिती घेतोय असं काहीतरी सांगायचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात ते इथे अगदी तंतोतंत लागू पडतं, कारण लपवलेलं भांडं समोरच्याला दिसत असतंच आणि लपवायच्या नादात आपलाच आवाज खाली जातो.

मी शिकवते ते साधारण असं. 'नमस्कार सर, मी अमुक, दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो. आपली ओळख नाही, पहिल्यांदाच फोन करतोय. एका मिनिटात कशासाठी केला ते सांगतो, मग तुम्ही ठरवा पुढे बोलायचं की नाही, चालेल?' एवढं बोलून थांबायचं. खरंच थांबायचं. बहुतेक माणसं 'बोला' म्हणतात, कारण तुम्ही सरळ आहात हे त्यांना जाणवतं आणि सुटकेचा दरवाजा पण उघडा ठेवलेला असतो. मग एक मिनिटात एकच गोष्ट: 'तुमच्यासारख्या दुकानदारांशी बोलताना मला सारखं ऐकायला मिळतं की महिनाअखेरीला वहीतला माल आणि रॅकवरचा माल जुळत नाही. तुमच्याकडे हे कसं बघता?' बस. पुढचं बोलणं त्यांचं.

हे शब्द पाठ करू नका, पण पहिली दोन वाक्यं मात्र लिहून काढा आणि मोठ्याने वीस वेळा बोला. मधलं सगळं बोलता बोलता होतं, घोडं अडतं ते पहिल्या दहा सेकंदांत. जिथे अडतं तिथलीच तयारी करायची. आणि सावकाश बोला. भीती वाटली की आपला स्पीड वाढतो आणि समोरच्याला वाटतं हा कागद वाचून दाखवतोय.

एक बाजूची गोष्ट, कारण तुम्हाला कोणीतरी हे सांगणार नक्की. सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून आलेत, आणि ते प्रयोग फक्त एवढ्यापुरते होते की शब्द आणि सूर जुळत नसतील तर माणूस समोरच्याच्या भावना कशावरून ओळखतो. मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय की हे सगळ्या संवादाला लावू नका. तेव्हा आरशासमोर हसायची प्रॅक्टिस करण्यात आठवडा घालवू नका, काय विचारायचं यावर घालवा.

आता तुमचं खरं दुखणं, 'गरज नाही' ऐकल्यावर गोठून जाणं. २२ वर्षांत मी जे नकार ऐकले त्यातले बहुतेक माझ्या मालाला नव्हतेच. पहिल्या दहा सेकंदांत जो 'नको' येतो तो सवयीचा असतो, समोरचा कामात असतो, त्याला दिवसभर असे फोन येतात, आणि तुम्ही काय विकताय हे कळायच्या आत त्याच्या तोंडून तो बाहेर पडतो. त्यावर वाद घालायचा नाही, आणि फोन पण ठेवायचा नाही, एकच साधा प्रश्न विचारायचा. 'बरोबर आहे सर, म्हणजे बिलिंग आधीच एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, की वहीवरच नीट चाललंय म्हणून नको?' या प्रश्नाला माणूस उत्तर देतो कारण त्यात दबाव नाहीये आणि उत्तर देणं सोपं आहे.

'आमच्याकडे आहे ऑलरेडी' हे तर मी चांगलं लक्षण समजते, म्हणजे या कामासाठी पैसे द्यायची त्याची तयारी आहे. तिथे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवू नका, तो त्याने स्वतः घेतलेला निर्णय आहे आणि तुम्ही त्याच्या निर्णयाला नावं ठेवताय. विचारा, 'त्यात काय सगळ्यात चांगलं वाटतं, आणि एखादी गोष्ट बदलता आली असती तर कोणती बदलली असती?' आणि रिन्यूअल कधी आहे ते विचारून वहीत लिहा.

'मेलवर पाठवून द्या' हा सभ्य नकार असतो, पण दर वेळी नाही. 'नक्की पाठवतो, सगळं पाठवलं तर तुम्हाला वाचायला वेळ लागेल, स्टॉकचं पाठवू की उधारीचं?' ज्याला खरंच इंटरेस्ट आहे तो निवडतो, ज्याला नाही तो 'काहीही पाठवा' म्हणतो. मग एक मेल पाठवायचा आणि पुढे जायचं.

'बघतो, कळवतो' हा मात्र सगळ्यात फसवा. नवीन लोकांना तो हो वाटतो, मॅनेजरला जाऊन सांगतात की पार्टी तयार आहे, आणि मग महिनाभर त्याच्या मागे फिरतात. तिथे धीर करून विचारायचं, 'सर, ठरवण्याआधी अजून काय बघायचंय? घरात किंवा पार्टनरशी बोलायचं असेल तर मी कधी फोन करू, गुरुवारी की पुढच्या आठवड्यात?' तारीख मिळाली तर ती लीड, म्हणजे खरंच पुढे जाऊ शकणारं गिऱ्हाईक, नाही मिळाली तर ती नुसती आशा, आणि दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहायच्या.

आणि एकदा प्रश्न विचारल्यावरही समोरचा ठामपणे नको म्हणाला, किंवा पुन्हा फोन करू नका म्हणाला, तर तिथे थांबायचं. आभार मानायचे, लिस्टवर तशी नोंद करायची आणि खरंच पुन्हा करायचा नाही. चिकाटीच्या नावाखाली लोकांना छळायला शिकवतात ते मला अजिबात पटत नाही, आणि कॉन्फिडन्सशी त्याचा काही संबंधही नाही. उलट ज्याला नकार स्वच्छपणे घेता येतो तोच निर्धास्तपणे विचारू शकतो.

प्रश्नांवर मी इतका जोर का देते त्याला आधार आहे. विक्रीवर संशोधन करणारे नील रॅकहॅम आणि त्यांच्या टीमने १२ वर्षांत सुमारे ३५,००० सेल्स कॉल प्रत्यक्ष बसून अभ्यासले. त्यात दिसलं की मोठ्या विक्रीत यशस्वी होणारी माणसं गिऱ्हाइकाच्या अडचणीबद्दल आणि त्या अडचणीने पुढे काय काय बिघडतं याबद्दल जास्त विचारतात, आणि ऑर्डर काढायच्या त्या ठरीव क्लोजिंगच्या युक्त्या तिथे उलट नुकसान करतात. फीचर्सचा पाढा वाचला की किमतीबद्दलच्या हरकती वाढतात हेही त्यात दिसलं. म्हणजे तुम्ही घाबरून जे सगळं एका दमात सांगून टाकता ना, तेच 'महाग आहे' ला आमंत्रण देतं.

किंमत सांगण्याबद्दल थोडक्यात. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. 'पण सर कमी होईल', 'मी मॅनेजरशी बोलतो' हे त्याने काही म्हणायच्या आधी आपणच बोलायला लागतो, कारण ती शांतता सहन होत नाही. समोरचा तेव्हा फक्त हिशोब करत असतो. करू द्या.

छातीत धडधडतं त्याचं काय, असं विचाराल. अजूनही मोठ्या मीटिंगच्या आधी माझी धडधड वाढते. ती शांत करायच्या मागे मी लागत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की घाबरलेल्या माणसाने 'शांत हो' असं स्वतःला सांगण्यापेक्षा 'मी एक्साइटेड आहे' असं म्हटलं तर भाषण वगैरे जास्त चांगलं होतं. शरीराची अवस्था दोन्हीत जवळपास तीच, नाव फक्त बदलतं. फोनच्या आधी उभं राहा, दोन चक्कर मारा आणि त्याच जोरात नंबर फिरवा.

फोननंतर तुम्ही स्वतःला काय सांगता ते मात्र नीट तपासा, मला वाटतं माणूस टिकतो की जातो ते इथे ठरतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांचे सहकारी पीटर शुलमन यांनी मेटलाइफच्या विमा एजंटांवर केलेला अभ्यास १९८६ चा आहे. नकार मिळाल्यावर 'माझ्यातच काहीतरी कमी आहे, हे असंच होणार' असं म्हणणारे एक, आणि 'आज त्याची वेळ नव्हती, सुरुवात लांबली' असं म्हणणारे दुसरे. आशावादी बाजूच्या निम्म्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत बाकीच्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. म्हणून वहीत फोनपुढे 'फेल' लिहू नका. काय झालं ते लिहा: 'दुपारी एक वाजता केला, गर्दी होती', 'किंमत आधीच सांगून बसलो', 'मालकाऐवजी मुलाशी बोललो, निर्णय त्याचा नाही'. दोन आठवड्यांनी तीच पानं वाचली की दिसायला लागतं की एकाच चुकीने दहा फोन गेलेत, आणि एक चूक सुधारता येते. स्वतःला सुधारायला कुठून सुरुवात करणार?

रोजचं गणित असं ठेवा की सकाळचा एक ठरावीक तास फक्त फोनचा. लिस्ट आदल्या दिवशी संध्याकाळी तयार करायची, सकाळी तिला हात लावायचा नाही, कारण तुम्हीच लिहिलंय की लिस्ट नीट करण्यात अकरा वाजतात. पहिले काही आठवडे ऑर्डर मोजू नका, लावलेले फोन मोजा, ऑर्डर तुमच्या हातात नाही, फोन लावणं आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून 'संपर्क केला' असं धरू नका, नवीन मुलं शंभर मेसेज पाठवतात आणि काम केल्याचं समाधान घेतात, पण त्यातून ना आवाज तयार होतो ना नकार पचवायची सवय.

तुमचा अंदाज बहुधा चुकीचाच आहे हेही सांगते. कोलंबिया युनिव्हर्सिटीत फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ५ अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायला सांगितलं होतं. त्यांना वाटलं साधारण २० जणांना विचारावं लागेल, प्रत्यक्षात १० च्या आसपास लोकांना विचारून काम झालं. ती विक्री नव्हती, छोटी मदत होती, तेव्हा निम्मे दुकानदार सॉफ्टवेअर घेतील असा अर्थ काढू नका. पण मागायच्या आधी आपण नकार जवळपास दुप्पट मोठा करून बघतो, हे मी माझ्या टीममध्ये वर्षानुवर्षं बघतेय. 'एक मिनिट ऐकाल का' एवढंच मागायचंय, आणि ते बरेच जण देतात.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच चालत नाही. तुम्हाला स्वतःला जर वाटत असेल की हे सॉफ्टवेअर दुकानदाराच्या कामाचं नाही, तर आवाजात ते येणारच. मी एकदा टार्गेटच्या दबावात एका कस्टमरला सांगितलं होतं की आमचा माणूस त्याच दिवशी येतो, मला माहीत होतं की दोन दिवस लागतात. कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि पुढचे सहा महिने त्या ऑफिसचा नंबर दिसला की मला फोन उचलवत नव्हता. तेव्हापासून जे होत नाही ते मी पहिल्याच भेटीत सांगते. चालू कस्टमर तुम्हाला ज्या अडचणी सांगतील त्या मॅनेजरकडे घेऊन जा, आणि ज्या सुटणार नाहीत त्या नवीन माणसापासून लपवू नका.

उद्या सकाळी लिस्ट उघडायच्या आधी तीन चालू कस्टमरना फोन करा, वर दिलेले प्रश्न विचारा आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहा. तिसरा फोन ठेवल्यावर चहाला उठू नका, त्यातलंच एखादं वाक्य घेऊन लगेच चौथा फोन नवीन नंबरला लावा. ते तीन लोक काय म्हणाले ते इथे लिहिलंत तर तुमची पहिली दोन वाक्यं आपण मिळून बसवू.